सामाईक फोल्डर : घरांतील संगणकांमधील देवघेव व तिचे नियम

‘सामाईक’ हा शब्द आपल्या महाराष्ट्रांत फार जुना व फार अनुभवाचा आहे. सामाईक विहीर, सामाईक बांध, सामाईक भिंत, सामाईक वाट असे शब्दप्रयोग आपल्या दस्तऐवजांत पदोपदीं आढळतात. आणि त्यांच्या पाठोपाठ हिस्सा, पाळी व हक्क हे शब्दहि येतातच. विहीर सामाईक असली तरी कोणाची पाळी कोणत्या दिवशीं, मोट कोणीं किती वेळ चालवावी, हें ठरलेलें असे. तें न ठरवितां विहीर सामाईक ठेवली, तर पाण्याआधीं भांडणच वर येई. आज आपल्या घरांतील संगणकांवरहि अशीच एक सामाईक वस्तु येऊन बसली आहे. तिला नेहमींच्या बोलण्यांत ‘शेअर केलेला फोल्डर’ असें म्हणतात. मात्र तिच्याबरोबर पाळी, हिस्सा व हक्क ठरविण्याची जुनी रीत पुष्कळ घरांत आलेली नाहीं. ती कशी आणावी, हें विद्यार्थ्यांस सोप्या शब्दांत सांगणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आपलें उलवे हें सिडकोनें वसविलेल्या नवी मुंबईंतील त्या मानानें नवें नगर होय. ११ नोव्हेंबर २०१८ रोजीं बामणडोंगरी व खारकोपर या स्थानकांपर्यंत रेल्वे आली. १२ जानेवारी २०२४ रोजीं अटल सेतूचें उद्घाटन झालें व हीच रेल्वे उरणपर्यंत पोंचली. या सोयींमुळें येथें नवनवीं बिऱ्हाडें आलीं. मूळच्या ग्रामस्थांच्या घरीं सातबाराचे उतारे व साडेबारा टक्के योजनेचे कागद असतात. नव्या रहिवाशांच्या घरीं सदनिकेचा करारनामा व कर्जाचे कागद असतात. आणि गुणपत्रिका, जातीचे दाखले व आजीआजोबांचीं छायाचित्रें तर दोहोंकडेहि असतात. या सर्वांच्या प्रती आतां संगणकावर ठेवण्याचा प्रघात पडला आहे. घरांत संगणकहि एकच नसतो. बाबांचा कचेरीच्या कामाचा लॅपटॉप, ताईचा महाविद्यालयाचा, धाकट्यांसाठीं जुना टेबलावरचा संगणक, शिवाय प्रत्येकाचा मोबाइल व बैठकींतील टीव्ही, असा मोठा संसार जमलेला असतो. तेव्हां ‘तो कागद माझ्या संगणकावर कसा येईल?’ हा प्रश्न रोजचाच झाला आहे.

घरगुती जाळें व त्याची बोली

इंटरनेटची तार घरांत येते ती राउटर नांवाच्या लहान पेटींत. ही पेटी म्हणजे घराची वेस. ती आंतील प्रत्येक यंत्रास एक क्रमांक देते. तो बहुधा १९२.१६८ या अंकांनीं सुरू होतो. असले क्रमांक खासगी वापरासाठीं राखून ठेवलेले असून बाहेरच्या इंटरनेटवर ते चालत नाहींत. त्यामुळें बाहेरच्या मनुष्यास आपल्या संगणकाचें दार थेट ठोठावतां येत नाहीं. परंतु वेशीच्या आंत असलेलीं यंत्रें एकमेकांचीं दारें सहज ठोठावूं शकतात. मोठ्या शहराच्या गल्लींत व घराच्या माजघरांत जो फरक, तोच येथें आहे.

ज्या बोलींत एक संगणक दुसऱ्याकडे फाइल मागतो, तिला एस.एम.बी. असें नांव आहे. १९८३ च्या सुमारास आय.बी.एम. कंपनींत बॅरी फायगेनबाम यांनीं ती प्रथम रचली. पुढें मायक्रोसॉफ्टनें ती आपल्या विंडोजमध्यें घेऊन वाढविली. १९९२ सालीं ऑस्ट्रेलियांत अँड्रू ट्रिजेल यांनीं जो प्रोग्राम लिहिला, तो पुढें ‘सांबा’ या नांवानें प्रसिद्ध झाला, आणि विंडोज नसलेल्या संगणकांनाहि ही बोली बोलतां येऊं लागली. या बोलीची पहिली आवृत्ति रचली गेली तेव्हां एका कचेरींतील संगणक एकमेकांवर विश्वास ठेवीत. चोर आंत शिरेल ही कल्पनाच तींत फारशी नव्हती. २००६ सालीं दुसरी आवृत्ति व २०१२ सालीं तिसरी आवृत्ति निघाली. तिसरींत तर मजकूर वाटेंत कोणास वाचतां येऊं नये म्हणून तो गुप्त लिपींत पाठविण्याचीहि सोय झाली. तथापि जुनी आवृत्ति असंख्य संगणकांवर तशीच जागी राहिली, आणि तिनें काय अनर्थ केला तें पुढें सांगावयाचें आहे.

न्हावा-शेवा येथील धडा

हें उदाहरण दूर देशांतील नाहीं. उलव्यापासून जवळच न्हावा-शेवा येथें जवाहरलाल नेहरू बंदर आहे. या बंदरांतील एक कंटेनर टर्मिनल, गेटवे टर्मिनल्स इंडिया, हें डेन्मार्कच्या मर्स्क समूहाकडून चालविलें जातें. २७ जून २०१७ रोजीं या समूहाच्या जगभरच्या संगणकांवर ‘नॉटपेट्या’ नांवाच्या घातकी प्रोग्रामचा हल्ला झाला, आणि न्हावा-शेवा येथील त्या टर्मिनलचें काम ठप्प पडलें. बंदरांतील क्रेन मोडल्या नव्हत्या, जहाजें बुडालीं नव्हतीं, कामगारहि हजर होते. परंतु कोणता कंटेनर कोणाचा, हें सांगणारे संगणकच मुके झाल्यामुळें माल चढविणें व उतरविणें अशक्य झालें; शक्य तेवढें काम हातानें चालविण्याची पाळी आली.

हा प्रोग्राम आला कोठून? युक्रेन देशांत हिशेबासाठीं वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या सुधारणेंतून तो प्रथम शिरला. तेथून पुढें तो दोन वाटांनीं पसरला, आणि त्या दोन्हीं वाटा आपल्या विषयाशीं थेट संबंध ठेवतात.

पहिली वाट म्हणजे वर सांगितलेल्या एस.एम.बी. च्या पहिल्या आवृत्तींतील दोष. मायक्रोसॉफ्टनें त्या दोषाची दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजींच प्रसिद्ध केली होती. एप्रिलमध्यें त्या दोषाचा गैरफायदा घेणारें साधन जगजाहीर झालें. १२ मे रोजीं ‘वॉनाक्राय’ या दुसऱ्या प्रोग्रामनें त्याच फटींतून शिरून सुमारें दीडशें देशांत हाहाकार उडविला. एवढें होऊनहि जूनच्या अखेरीस दुरुस्ती न केलेले संगणक पुष्कळ होते.

दुसरी वाट याहून विचार करण्याजोगी आहे. हा प्रोग्राम एका संगणकांत शिरला कीं त्याच्या स्मृतींत पडून राहिलेले पासवर्ड शोधी, आणि ते घेऊन शेजारच्या संगणकांवर खऱ्या मालकाप्रमाणें प्रवेश करी. अशा रीतीनें दुरुस्ती झालेले संगणकहि बळी पडले. कारण तेथें दार फोडावें लागलें नाहीं, किल्लीनेंच उघडलें गेलें. विंडोजमध्यें मुख्य व्यवस्थापकासाठीं संपूर्ण डिस्क जाळ्यावर उघडणारे कांहीं गुप्त सामाईक मार्ग आधींपासूनच असतात; व्यवस्थापकाचा पासवर्ड हातीं पडला कीं ते सर्व मोकळे होतात.

मर्स्कनें या हल्ल्यामुळें झालेलें नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर असल्याचें सांगितलें. चार हजार सर्व्हर व पंचेचाळीस हजार संगणक त्यांस नव्यानें उभे करावे लागले. या सर्व संगणकांची ओळखपाळख ठेवणारी जी मूळ नोंदवही, तिच्या प्रती समूहाजवळ अनेक होत्या. परंतु त्या सर्व एकाच जाळ्यावर जोडलेल्या असल्यानें एकदमच नष्ट झाल्या. ‘वायर्ड’ या अमेरिकन मासिकानें २०१८ सालीं दिलेल्या वृत्तान्ताप्रमाणें फक्त घाना देशांतील एक प्रत वांचली. कारण हल्ल्याच्या वेळीं तेथील वीज गेली होती व तो संगणक जाळ्यापासून तुटलेला होता. जोडलेल्या सर्व प्रती गेल्या व तुटलेली एक उपयोगी पडली, हें विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत ठेवावें.

घरीं काय करावें

एवढ्या मोठ्या कंपनीची गोष्ट आपल्या दोन खोल्यांच्या घरास कशी लागू, असें कोणी विचारील. उत्तर सोपें आहे. बोली तीच, फोल्डर तसाच, आणि प्रोग्राम घर लहान कीं मोठें हें पाहात नाहीं. खंडणीखोर प्रोग्राम एका मुलाच्या संगणकांत एखाद्या फुकट खेळाबरोबर शिरला, तर त्या मुलास ज्या ज्या सामाईक फोल्डरांत लिहिण्याचा अधिकार आहे, तेथील सर्व कागद तो बिघडवूं शकतो. ज्या फोल्डरांत त्या मुलास केवळ वाचण्याचा अधिकार आहे, तेथें त्याला त्या मुलाच्या नांवानें कांहीं खोडतां येत नाहीं. या एका वाक्यांत पुढील सर्व नियमांचें मर्म आहे.

पहिला नियम, काय द्यावें. संपूर्ण डिस्क, डेस्कटॉप किंवा कागदपत्रांचा मुख्य फोल्डर कधींहि सामाईक करूं नये. सामाईक कामासाठीं एक वेगळा फोल्डर करावा व जें द्यावयाचें तेवढेंच त्यांत ठेवावें. जुन्या घरांत ओसरी, माजघर व कोठीची खोली अशा पायऱ्या असत. पाहुणा ओसरीवर बसे, कोठीची किल्ली मात्र आजीच्या कमरेस असे. संगणकांतहि तशा पायऱ्या कराव्या.

दुसरा नियम, कोणास द्यावें. फोल्डर सामाईक करतांना विंडोजच्या प्रगत खिडकींत बहुधा ‘एव्हरीवन’, म्हणजे ‘सर्वांस’, हें नांव आधींच लिहिलेलें दिसतें. तें काढून टाकून व्यक्तींचीं नांवें घालावीं. यासाठीं ज्या संगणकावर फोल्डर आहे त्यावर घरांतील प्रत्येकासाठीं वेगळें खातें काढावें व प्रत्येकास वेगळा पासवर्ड द्यावा. येथें पुष्कळांची एक अडचण होते. संगणक उघडतांना आपण जो चार अंकी पिन वापरतों, तो त्या एका यंत्रापुरताच असतो. जाळ्यावरून प्रवेश करतांना खात्याचा पूर्ण पासवर्डच द्यावा लागतो. पिन चालत नाहीं असें पाहून कित्येक लोक कंटाळतात आणि पासवर्डाची अटच बंद करून टाकतात. असें कधींहि करूं नये. तसेंच फोल्डराच्या नांवाच्या शेवटीं डॉलरचें चिन्ह घातलें कीं तो यादींत दिसत नाहीं, एवढ्यावर विसंबूं नये. लपविलेली वस्तु कुलुपांत ठेवलेली नसते.

तिसरा नियम, किती अधिकार द्यावा. वाचणें, बदलणें व संपूर्ण ताबा अशा अधिकाराच्या तीन पायऱ्या आहेत. उदाहरणार्थ, ‘घरचे कागद’ या फोल्डरांत आईस बदलण्याचा अधिकार द्यावा, इतरांस वाचण्याचा. ‘छायाचित्रें’ या फोल्डरांत ताईस बदलण्याचा, आजोबांस व धाकट्यांस पाहण्याचा. ‘शाळेचा अभ्यास’ या फोल्डरांत मुलांस बदलण्याचा. संपूर्ण ताबा जाळ्यावरून कोणासहि देण्याची गरज नसते. मॅक संगणकावर एक चौथी सोय आहे. तींत दुसऱ्यास फोल्डरांत वस्तु टाकतां येते, परंतु आंतील पाहतां येत नाहीं. टपालपेटीसारखी ही रीत कांहीं प्रसंगीं फार उपयोगी पडते.

विंडोजमध्यें या अधिकाराचीं कुलपें दोन असतात, हें न कळल्यामुळें पुष्कळ घोटाळे होतात. एक कुलूप ‘शेअरिंग’ या पानावर व दुसरें ‘सिक्युरिटी’ या पानावर. पहिलें सोसायटीच्या फाटकासारखें, दुसरें आपल्या सदनिकेच्या दारासारखें. जाळ्यावरून येणाऱ्यास दोन्हीं ओलांडावीं लागतात, म्हणून दोहोंपैकीं जें अधिक कडक, तेंच लागू होतें. परंतु जो त्याच संगणकासमोर बसला आहे, त्यास फाटक लागतच नाहीं. त्याला अडविणारें कुलूप फक्त दुसरें. म्हणून दोन्हीं तपासावीं. त्याचप्रमाणें रोजच्या कामाचें खातें मुख्य व्यवस्थापकाचें नसावें, हें न्हावा-शेवा येथील दुसऱ्या वाटेवरून वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल.

चौथा नियम, कोठें द्यावें. विंडोज प्रत्येक नव्या जाळ्यास ‘खासगी’ किंवा ‘सार्वजनिक’ असें मानतें. घरच्या जाळ्यासच खासगी म्हणावें. रेल्वे स्थानकावरील, उपाहारगृहांतील किंवा वसतिगृहांतील जाळें सार्वजनिकच ठरवावें, म्हणजे तेथें सामाईक फोल्डर आपोआप झांकलेले राहतात. कांहीं इमारतींत एकच तार अनेक सदनिकांत फिरविलेली असते. तेथें संगणक राउटरशिवाय थेट तारेस जोडला तर शेजारी त्याच जाळ्यांत येऊं शकतात. यास्तव मध्यें आपला राउटर असावाच. त्या राउटराचा मूळचा पासवर्ड बदलावा, वायफायला निदान डब्ल्यू.पी.ए. दोन या पद्धतीचें संरक्षण ठेवावें, आणि पाहुण्यांस व टीव्हीसारख्या यंत्रांस पाहुण्यांचें वेगळें जाळें द्यावें. एस.एम.बी. ज्या ४४५ क्रमांकाच्या दारानें बोलते, तें दार राउटरवरून बाहेरच्या इंटरनेटकडे कदापि उघडूं नये.

पांचवा नियम, दुरुस्ती. संगणकाच्या सुधारणा आल्या कीं त्या करून घ्याव्या. मार्चमध्यें आलेली दुरुस्ती जूनपर्यंत न केल्याचें फळ आपण पाहिलें. विंडोज १० ची सर्वसाधारण सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली, म्हणून जुन्या संगणकावर कागद ठेवणाऱ्यांनीं याचा विशेष विचार करावा. एस.एम.बी. ची पहिली आवृत्ति २०१७ च्या अखेरीपासून नव्या विंडोजमध्यें सहसा बसविली जात नाहीं. एखादा जुना प्रिंटर किंवा जुनी डिस्क चालावी म्हणून ती पुन्हां जागी करण्याचा सल्ला कोणीं दिल्यास तो मानूं नये.

सहावा नियम, प्रत. सामाईक फोल्डर म्हणजे सुरक्षित प्रत, असा समज सर्वत्र आढळतो. तो अगदीं चुकीचा आहे. सामाईक फोल्डरांतील कागद सर्वांस दिसतो खरा, पण तो कागद एकच असतो. एकानें खोडला कीं सर्वांचा गेला. म्हणून महत्त्वाच्या कागदांची एक प्रत बाह्य डिस्कवर घ्यावी, आणि काम होतांच ती डिस्क संगणकापासून काढून कपाटांत ठेवावी. घाना येथील प्रत विजेच्या कृपेनें वांचली. आपण ती बुद्धिपुरस्सर वांचवावी.

सातवा नियम, किती काळ द्यावें. कामापुरता उघडलेला फोल्डर काम संपतांच बंद करावा. विंडोजच्या ‘कम्प्युटर मॅनेजमेंट’ या साधनांत सर्व सामाईक फोल्डरांची यादी मिळते, आणि त्या क्षणीं कोण आंत आहे तेंहि दिसतें. महिन्यांतून एकदां ती यादी पाहावी. वर्षापूर्वीं कोणासाठीं तरी उघडलेलें दार पुष्कळदां अजून उघडेंच सांपडतें.

अपघात झाल्यास व शेजाऱ्याचें दार उघडें दिसल्यास

एवढी काळजी घेऊनहि एखाद्या दिवशीं फायलींचीं नांवें बदललेलीं दिसलीं, त्या उघडेनाशा झाल्या किंवा पैसे मागणारी सूचना आली, तर प्रथम त्या संगणकाची तार काढावी व वायफाय बंद करावें, म्हणजे अनर्थ इतर यंत्रांत पसरणार नाहीं. कपाटांतील डिस्क घाईनें जोडूं नये. वडील मंडळींस तत्काळ सांगावें. लपवून ठेवण्यांत गेलेला प्रत्येक क्षण दुसऱ्याच्या फायली घेऊन जातो. खंडणी देऊन कागद परत मिळतीलच असें नाहीं. नॉटपेट्याच्या बाबतींत तर पैसे भरूनहि ते मिळण्याची सोयच नव्हती. सरकारच्या १९३० या दूरध्वनि क्रमांकावर सायबर गुन्ह्यांची तक्रार करतां येते.

याची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. जाळ्यावर कोणा शेजाऱ्याचा फोल्डर चुकून उघडा दिसला, म्हणून त्यांत शिरण्याचा हक्क आपणांस मिळत नाहीं. उघड्या दाराच्या घरांत शिरणाराहि परक्याच्या घरांतच शिरतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या ४३ व्या कलमान्वयें मालकाच्या परवानगीवांचून संगणकांत प्रवेश करणारा नुकसानभरपाईस पात्र होतो. आणि तेंच कृत्य अप्रामाणिक हेतूनें केल्यास ६६ व्या कलमान्वयें तीन वर्षांपर्यंत कैद, पांच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीं होऊं शकतात. कायदा बाजूस ठेवला तरी सज्जनाचें कर्तव्य स्पष्ट आहे. शेजारच्या काकांस अथवा काकूंस ‘तुमचा फोल्डर बाहेर दिसतो आहे’ असें जाऊन सांगावें, व त्यांची इच्छा असेल तर तो बंद करण्यास हातभार लावावा.

विद्यार्थिमित्रहो, आपणांपैकीं बहुतेकांच्या घरीं संगणकाचें ज्ञान वडिलांपेक्षां आपणांसच अधिक असतें. म्हणून घरच्या कागदांची राखण हें काम आपोआप आपल्याकडे येतें. येत्या सुटींत एक कोरा कागद घेऊन त्यावर तीन रकाने आंखावे : कोणता फोल्डर, कोणास, व वाचण्यास कीं बदलण्यास. घरांतील मंडळींस एकत्र बसवून त्यांच्या संमतीनें तो भरावा, आणि मग त्याप्रमाणें संगणकावर व्यवस्था करावी. कोण काय पाहूं शकतो हें आजोबांसहि सांगतां आलें, म्हणजे ती व्यवस्था बरोबर झाली असें समजावें. शेवटीं घरांतील महत्त्वाच्या कागदांची एक प्रत डिस्कवर घेऊन ती डिस्क कपाटांत ठेवावी, व तीवर त्या दिवसाची तारीख लिहावी.